गुरुवारची सुटी

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी ओलांडून पुढे आला, की मोशी हे गाव लागते. मोशीच्या पुढे इंद्रायणी नदीवरचा पूल आहे आणि पुलापलीकडे, काही किलोमीटरांवर, चाकण. भोसरीला कारखाने आहेत, तसेच चाकणलाही आहेत. या दोहोंच्या मध्ये, मोशीतील एका तीनमजली इमारतीत, दोन खोल्यांचे एक बिऱ्हाड आहे. आई, बाबा आणि दोन मुले. थोरली मुलगी दहा वर्षांची असून पाचवीत शिकते. धाकटा मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीत आहे. अशी बिऱ्हाडे या पट्ट्यात हजारोंनी आहेत. त्यांतलेच हे एक समजावे.

या घरातून रोज दोन वाटा निघतात. बाबा दक्षिणेकडे भोसरीला जातात. तेथे लोखंडी पत्रा दाबून त्यापासून मोटारींचे लहानमोठे भाग तयार करणारा एक कारखाना आहे. आई उत्तरेकडे, कंपनीच्या बसने, इंद्रायणी ओलांडून चाकणला जाते. मोटारीच्या अंगात शिरांप्रमाणे पसरलेल्या ज्या रंगीबेरंगी विजेच्या तारा असतात, त्यांचे जुडगे बांधण्याचे काम ती करते. आईचे काम सकाळी साडेआठला सुरू होते आणि सायंकाळी पाचला संपते. रविवारी तिला सुटी असते.

बाबांचे वेळापत्रक इतके सरळ नाही. त्यांच्या कारखान्यात यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि माणसे आळीपाळीने त्यांच्यापाशी उभी राहतात. पहिली पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन, दुसरी दोन ते रात्री दहा आणि तिसरी, म्हणजे रात्रपाळी, दहा ते पहाटे सहा. दर गुरुवारी कारखाना बंद असतो व शुक्रवारपासून बाबांची पाळी बदलते.

पहिल्या पाळीचा आठवडा मुलांना सणासारखा वाटतो. बाबा पावणेतीनला घरी येतात. मग सबंध संध्याकाळ मुलांचीच. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुले शाळेतून येतात, तेव्हा बाबा डबा घेऊन निघण्याच्या तयारीत असतात. आणि रात्री ते परततात, तेव्हा मुले गाढ झोपलेली असतात. त्या आठवड्यात भेट होते ती अर्ध्या तासाची. रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा सकाळी पावणेसातला येतात आणि सात वाजून दहा मिनिटांनी मुले शाळेला निघतात. त्या पंचवीस मिनिटांत बाबा धाकट्याच्या बुटांचे बंद बांधतात, थोरलीचे पाढे ऐकतात आणि दोघांना जिन्यापर्यंत पोचवून येतात.

कोणत्या दिवशी बाबा केव्हा भेटतील, हे धाकट्याला कळावे म्हणून ताईने एक युक्ती केली आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती दर आठवड्याला खुणा काढून ठेवते. पहिल्या पाळीला पूर्ण सूर्य, दुसरीला अर्धा सूर्य आणि रात्रपाळीला चंद्र. गुरुवारची चौकट ती मोकळी सोडते. धाकट्याला अजून सगळी अक्षरे येत नाहीत, पण सूर्यचंद्र तो बरोबर वाचतो.

चंद्राच्या आठवड्यात घराला एक नियम असतो. मुले शाळेतून साडेबाराच्या पुढे घरी येतात, तेव्हा आतल्या खोलीत बाबा झोपलेले असतात. म्हणून दारावरची घंटा बंद करून ठेवायची. चपला बाहेरच काढायच्या. आईने झाकून ठेवलेला वरणभात आवाज न करता वाढून घ्यायचा. भांडे खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवायचे. काही लागलेच, तर शेजारच्या मावशींकडे जायचे. ताईला हे सवयीचे झाले आहे. धाकट्याला मात्र तीन तास हळू बोलणे म्हणजे मोठी शिक्षाच वाटते.

रात्री जागलेला मनुष्य दिवसा तितकेच तास झोपला, की भरपाई झाली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तसे होत नाही. सजीवांच्या अंगात दिवसरात्रीचे एक घड्याळ असते. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी एक वनस्पती अंधारात ठेवून पाहिली. सूर्यप्रकाश दिसत नसतानाही तिची पाने सकाळच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या अंगातील घड्याळही दिवसा त्याला जागे राहायला सांगते. त्यामुळे दिवसाची झोप थोडी लागते, पातळ लागते आणि लहानशा आवाजानेही मोडते. एकदा मोडली, की पुन्हा लागणे कठीण.

मग माणसे रात्री काम करतात तरी कशासाठी? याचे उत्तर या भागाच्या इतिहासातच आहे. पूर्वी हा सारा मुलूख शेतीचा होता. चिंचवड प्रसिद्ध होते मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि चापेकर बंधूंमुळे. चाकण प्रसिद्ध होते कांद्याच्या बाजारामुळे, आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध लढवलेल्या भुईकोट किल्ल्यामुळे. १९५४ साली भारत सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना स्थापन केला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी त्याला साहाय्य केले. तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन एका बुरशीपासून मिळते. मोठमोठ्या बंद टाक्यांत ही बुरशी वाढवावी लागते. तिला कित्येक दिवस सतत शुद्ध हवा आणि ठरावीक उष्णता पुरवावी लागते. संध्याकाळ झाली म्हणून बुरशीचे वाढणे थांबवता येत नाही. तेव्हा तिच्यासाठी माणसाने रात्री जागणे भाग पडते.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने या भागात जमिनी घेऊन रस्ते, पाणी व वीज यांची सोय केली आणि कारखान्यांची रीघ लागली. वस्ती इतकी वाढली, की १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे चाकणच्या माळावरही दुचाकी आणि मोटारी तयार होऊ लागल्या. एका मोटारीला हजारो सुटे भाग लागतात. ते भोसरीच्या, चिखलीच्या, चाकणच्या लहानमोठ्या कारखान्यांतून येतात. मोटार जुळवण्याचे काम अडून राहू नये, म्हणून हे भाग वेळेवर पोचले पाहिजेत; आणि महागडे यंत्र रात्रभर नुसते उभे ठेवणेही मालकाला परवडत नाही. म्हणून औषधाच्या कारखान्याप्रमाणे पत्र्याच्या कारखान्यातही रात्रपाळी आली. आणि रात्रपाळीबरोबर ती मोशीच्या या दोन खोल्यांतही आली.

एका मंगळवारची गोष्ट. चंद्राचा आठवडा चालू होता. धाकटा शाळेतून निघाला तो धावतच. शाळेच्या संमेलनात पहिलीच्या मुलांचे ‘भाजीबाजार’ नावाचे छोटे नाटक होते आणि बाईंनी त्याला कांद्याचे काम दिले होते. एवढी मोठी बातमी पोटात ठेवून हळू चालणे त्याला शक्यच नव्हते. ताई मागून हाका मारीत होती, तोवर तो जिना चढून घरात शिरला आणि ओरडला, “बाबा! मी कांदा झालो!”

बाबा दचकून उठले. ताई धापा टाकीत दारात उभी राहिली. आता रागावणे होणार, असे तिला वाटले. पण बाबा रागावले नाहीत. डोळे चोळीत ते म्हणाले, “वा! केव्हा आहे तुमचे नाटक?”

“रविवारी, चार वाजता. सगळ्यांच्या आईबाबांना बोलावले आहे.”

बाबांनी दिनदर्शिकेकडे पाहिले. रविवारच्या चौकटीत अर्धा सूर्य होता. दुसरी पाळी. दुपारी दोन ते रात्री दहा.

“रविवारी मला यायला जमणार नाही, बाळा,” ते हळूच म्हणाले. “आई येईल, ताई येईल.”

धाकट्याचा चेहरा उतरला. “सगळ्यांच्या बाबांना रविवारी सुटी असते. तुम्हालाच का नाही?” असे म्हणून त्याने समोरचे ताट ढकलले. ताट फरशीवर आपटून खणखणत कोपऱ्यापर्यंत गेले. ताईने त्याला हाताला धरून मावशींकडे नेले. बाबा पुन्हा आडवे झाले; पण त्यांचा डोळा काही लागला नाही.

रात्री नऊ वाजता आईने त्यांचा डबा भरला. त्यांचे डोळे लाल झाले होते. आईने काही विचारले नाही, फक्त पाण्याच्या बाटलीशेजारी चहाची लहान बाटली ठेवली आणि म्हणाली, “जपून काम करा. झोप आली, तर साहेबांना स्पष्ट सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळचे पावणेसात वाजले. बाबा आले नाहीत. सात वाजले, तरी आले नाहीत. दप्तर पाठीला लावून दोन्ही मुले सज्जात उभी होती. आई घड्याळाकडे पाहत होती आणि रस्त्याकडेही पाहत होती. सात वाजून पाच मिनिटांनी बाबांची मोटारसायकल वळणावर दिसली. जिना चढून ते वर आले, तेव्हा ताईची नजर प्रथम त्यांच्या हातांवर गेली.

बाबांनी ते ओळखले. “काही झालेले नाही,” ते म्हणाले. “पहाटे चारच्या सुमारास डोळे मिटायला लागले, म्हणून मी साहेबांना सांगितले. त्यांनी मला प्रेसवरून काढून तयार माल मोजायला बसवले. सुटल्यावरही तोंड धुऊन, थोडा वेळ बसून मग निघालो. झोप डोळ्यांत असताना गाडी चालवणे बरे नव्हे.”

त्या दिवशी दुपारी धाकट्याने चपला जिन्यातच काढल्या. कोणी सांगितले नव्हते.

गुरुवार उजाडला. सकाळी कारखान्यातून आल्यावर बाबा झोपले आणि साडेबाराला उठले. गुरुवारचे दुपारचे जेवण तेच करतात. त्या दिवशी पुऱ्यांचा बेत होता. मुले घरी आली, तेव्हा कणीक भिजवून तयार होती. बाबांनी एक मोठी पोळी लाटली, तिच्यावर वाटी उलटी ठेवली आणि धाकट्याला म्हणाले, “दाब.”

धाकट्याने वाटी दाबली. वाटी उचलताच खाली नेमकी गोल पुरी सुटून आली.

“हाच माझा प्रेस,” बाबा म्हणाले. “पोळी म्हणजे पत्रा आणि वाटी म्हणजे साचा. फरक एवढाच, की माझी वाटी लोखंडाची असते, आणि ती वरून इतक्या जोराने येते, की पत्रा क्षणात वाकतो किंवा कापला जातो. आता मला सांग, वाटी खाली येत असताना तुझे बोट पोळीवर राहिले, तर?”

धाकट्याने झटकन हात मागे घेतला.

“तसे होऊ नये, म्हणून यंत्राला दोन बटणे असतात. एक इकडे, एक तिकडे.” बाबांनी पोळपाटाच्या दोन बाजूंना दोन लिंबे ठेवली. “दोन्ही बटणे दोन हातांनी एकाच वेळी दाबली, तरच साचा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले, म्हणजे साच्याखाली एकही हात नसतो. काही यंत्रांपुढे प्रकाशकिरणांचा पडदाही असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण हात त्याच्या आड आला, की यंत्र आपोआप थांबते.”

मग खेळ सुरू झाला. धाकट्याने दोन हात दोन लिंबांवर ठेवले, की ताई वाटी दाबी. त्याने एक हात उचलला, की वाटी तेथेच थांबे. अशा रीतीने वीस-बावीस पुऱ्या झाल्या.

“मग बटणे आहेत, तर झोप कशाला लागते?” धाकट्याने विचारले.

“बटणे हातांची राखण करतात, पण सगळी नाही,” बाबा म्हणाले. “पत्र्याची कडा सुरीसारखी असते. तुकडा वाकडा बसला, तर तो उडतो. साचा पुसायचा असेल, तर आधी यंत्र बंद करावे लागते. यांतले काहीही बटण सांगत नाही. ते डोक्याला आठवावे लागते. झोप न झालेले डोके विसरते. म्हणून तुम्ही दुपारी जे गप्प बसता, ते माझ्या कामातलेच थोडे काम तुम्ही करता.”

ताईने ते ऐकले. काही वेळाने तिने विचारले, “बाबा, रविवारी तुम्हाला दुसऱ्या कोणाची पाळी मागून घेता येणार नाही का? सकाळी सहाची घेतली, तर चार वाजता तुम्ही येऊ शकाल.”

“मी तोही विचार केला,” बाबा म्हणाले. “पण शनिवारी रात्री दहाला मी सुटणार. घरी येऊन झोपायला बारा वाजणार. पहाटे साडेचारला उठून सहाला पुन्हा प्रेसवर उभे राहायचे. म्हणजे पुन्हा मंगळवारसारखीच रात्र. शिल्लक रजा आहेत, त्या आजीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवल्या आहेत. तेव्हा या रविवारी नाहीच जमणार.”

कोणी काही बोलले नाही. कढईत पुरी फुगली, तिच्याकडेही धाकट्याचे लक्ष नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, “पण तुमची सुटी गुरुवारीच का?”

हा प्रश्न या पट्ट्यातील पुष्कळ मुलांना पडत असेल. त्याचे उत्तर विजेच्या तारांपर्यंत जाते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले, तर त्या दिवशी विजेची मागणी एकदम उतरेल आणि उरलेल्या सहा दिवसांत ती पेलणे अवघड होईल. म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुटीचे निरनिराळे वार वाटून देण्याची पद्धत पडली. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरातील पुष्कळ कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी तेथील रस्ते ओस पडतात आणि घरोघरी बाप माणसे दिसतात.

मुळात आठवड्याची सुटी हीच कामगारांना सहजासहजी मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत असत आणि त्यांना आठवड्याला एक हक्काची सुटीही नसे. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्यांनी सभा भरवल्या, अर्ज केले आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. स्वतंत्र भारताच्या १९४८ सालच्या कारखाने अधिनियमाने हा हक्क साऱ्या देशातील कारखान्यांसाठी पक्का केला. त्या कायद्याने सुटीचा दिवस रविवार धरला. पण रविवारी काम घ्यायचेच झाले, तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवसाची सुटी दिली पाहिजे, असे बंधन घातले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार असे मागे मोजत गेले, की गुरुवार बरोबर तिसरा येतो.

बाबांनी हे सारे सोप्या शब्दांत सांगितले आणि शेवटी म्हणाले, “वार कोणताही असो, सुटी आपली आहे. ती मिळवायला पुष्कळ लोक झटले आहेत.”

रविवारी संमेलन झाले. आई आणि ताई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. आईने आपल्या जुन्या जांभळ्या ओढणीचे पदर एकावर एक शिवून कांद्याचा पोशाख केला होता. धाकट्याने आपली दोन वाक्ये न चुकता म्हटली. टाळ्या झाल्या. पण परत येताना तो फारसा बोलला नाही. त्या वेळी बाबा भोसरीला प्रेसपाशी उभे होते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ताईला एक गोष्ट सुचली. त्यांच्या इमारतीत भोसरीला जाणारे आणखी सहा-सात जण राहत होते. त्यांनाही गुरुवारीच सुटी असे. त्यांचीही मुले त्याच शाळेत होती. नाटकातला बटाटा तळमजल्यावर राही आणि भेंडी समोरच्या घरात. रविवारी त्यांच्याही वडिलांच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या होत्या. मग बाजार पुन्हा का भरवू नये?

सोमवारी ती बाईंकडे गेली. बाईंनी आनंदाने पोशाख घरी नेऊ दिले. नाटकात जे वांगे आणि मुळा दूर राहत होते, त्यांची कामे इमारतीतल्या दुसऱ्या मुलांनी पाठ केली. तालमी दुपारी मावशींकडे झाल्या. मावशींनी त्यासाठी आपला पलंग भिंतीला सरकवला. ही गोष्ट कोणीही आपल्या बाबांना सांगायची नाही, असे ठरले. आणि आश्चर्य असे, की कोणीही सांगितली नाही.

गुरुवारी संध्याकाळी आई चाकणहून सहा वाजता आली. हातपाय धुऊन ती लगेच गच्चीवर गेली. दिवसभर तारा जोडून आलेल्या त्या हातांनी तिने जिन्यातून वायर ओढून घेतली व दोन दिवे लावून दिले. सतरंज्या अंथरल्या गेल्या. सात वाजता ताई खाली आली आणि म्हणाली, “बाबा, जरा वर येता का? पाण्याच्या टाकीपाशी काहीतरी झाले आहे.”

बाबा पक्कड घेऊन वर गेले. पाहतात, तर गच्ची माणसांनी भरलेली. प्रत्येक मजल्यावरचे कोणी ना कोणी असेच काही तरी निमित्ताने वर आणले गेले होते. एका गृहस्थांच्या हातात शिडी होती. चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळीला निघालेले एक काका गणवेशातच, डबा घेऊन कठड्याला टेकून उभे होते. बस यायला अजून वेळ होता.

भाजीबाजार भरला. बटाटा बोलला, भेंडी बोलली, वांगे बोलले. मुळा आपले वाक्य विसरला. ते त्याच्या वडिलांनीच पुढून सांगितले आणि सगळे हसले. मग जांभळे पदर सावरीत धाकटा दिव्याखाली आला. छाती पुढे काढून तो म्हणाला, “मी चाकणचा कांदा! मला चिरायला याल, तर तुम्हीच रडाल!”

गच्चीवर हशा उसळला. बाबाही हसत होते. पण हसता हसता त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि बाहीने डोळे पुसले.

“बाबा, तुम्ही खरेच रडलात?” नाटक संपल्यावर धाकट्याने विचारले.

“कांदा इतका जवळ आला, तर डोळ्यांत पाणी येणारच,” बाबा म्हणाले.

घरी आल्यावर ताईने दिनदर्शिका काढली आणि शुक्रवारपासूनच्या खुणा भरायला घेतल्या. पुढचा आठवडा पूर्ण सूर्यांचा होता. तिचे काम होईपर्यंत धाकटा शेजारी उभा राहिला. मग त्याने तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि त्या दिवसाच्या, म्हणजे गुरुवारच्या, मोकळ्या चौकटीत एक लहानसा कांदा काढला.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) ताईने दिनदर्शिकेत कोणत्या खुणा काढल्या होत्या? का?
(आ) पेनिसिलीनच्या कारखान्यात रात्रीही काम का करावे लागते?
(इ) प्रेसला दोन बटणे असण्याचे कारण काय?
(ई) बाबांनी रविवारी दुसऱ्याची पाळी का मागून घेतली नाही?

२. “तुम्ही दुपारी जे गप्प बसता, ते माझ्या कामातलेच थोडे काम तुम्ही करता,” असे बाबा का म्हणाले, ते आपल्या शब्दांत सांगा.

३. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कार्याविषयी पाच ओळी लिहा.

४. वाक्यांत उपयोग करा : आळीपाळीने, डोळा लागणे, चेहरा उतरणे, रीघ लागणे, ओस पडणे.

५. तुमच्या घरातील मोठी माणसे केव्हा कामाला जातात आणि केव्हा परततात, त्याचे आठवड्याचे वेळापत्रक तयार करा. सगळे जण एकत्र असण्याची वेळ कोणती, ते शोधून काढा.